पंपाचं तेल बघा, मग प्रवेश घ्या

गेल्या मे महिन्यात नाशिकरोडला एका नातेवाइकांकडे गेलो होतो. तिसरा मजला, दुपारचे अडीच वाजलेले, आणि हॉलमध्ये नवा एसी बसत होता. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, हात चांगला चालत होता. भिंतीला भोक पाडलं, कॉपर पाईप ओढले, टोकं फुलवून फ्लेअर काढले, नट आवळले. मग आउटडोअरजवळ वाकून त्यानं एलन कीनं व्हॉल्व्ह जरासा उघडला, दुसऱ्या पाईपचा नट सैल केला, चार-पाच सेकंद 'फुस्स' असा आवाज येऊ दिला आणि नट पुन्हा आवळला.

"झालं काका, हवा निघाली."

पाईपांतली हवा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप त्यानं आणलाच नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, "पंप जड असतो, गाडीवर नेता येत नाही. आज पाच मशीन बसवायची आहेत." आयटीआय केलंस का, असं विचारल्यावर चेहरा खुलला. "हो काका, दोन वर्षं. याच ट्रेडला."

"मग तिथं पंप नव्हता?"

"होता ना. कपाटात."

त्या मुलावर मी रागावलो नाही. त्याला जे दाखवलं गेलं तेच तो करत होता. पण दहावीचा निकाल लागला की मला फोन येतात, 'पोराला एसी-फ्रिजच्या कोर्सला घालायचंय, कुठं घालू?' त्या प्रत्येक फोनच्या वेळी ते कपाट आठवतं. तीस वर्षं या धंद्यात काढली. त्यातून बनलेलं मत इथं मांडतो आहे. हा कोर्स निवडताना संस्थेचं नाव, इमारत आणि 'शंभर टक्के नोकरी'चा फलक यांच्याकडे बघू नका, वर्कशॉपमध्ये शिरून बघा. आणि सरकारनं, ज्याच्या हातात एसी-फ्रिजचा गॅस द्यायचा त्या प्रत्येकाची परीक्षा सक्तीची करावी.

त्या 'फुस्स'मध्ये काय बिघडलं ते आधी सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. नव्या मशीनचा गॅस आउटडोअरमध्ये भरूनच येतो. पाईप जोडल्यावर त्यांत हवा आणि हवेतला ओलावा अडकलेला असतो. तो पंपानं खेचून काढायचा, गेज ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप) खाली न्यायचा, पंप बंद करून काटा वर चढतो का ते बघायचं आणि मगच व्हॉल्व्ह उघडायचे. नीट केलं तर अर्धा तास जातो. गॅस सोडून हवा ढकलली तर थोडी हवा जाते आणि थोडी राहते, ओलावा तर राहतोच. हल्लीच्या मशीनमधलं तेल पाणी पटकन शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरची वाइंडिंग खातं. पहिल्या दिवशी थंडावा मस्त येतो, म्हणून कुणाला काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर जातो, आणि तोवर दर महिन्याचं वीजबिल जास्त येत राहतं. शिवाय त्या मशीनमधला गॅस आर-३२ होता, म्हणजे जळू शकणारा, आणि तो बंद गॅलरीत सोडला गेला.

आता कोर्सकडे वळू. आपल्याकडे या विद्येच्या वाटा मोजक्या आहेत. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड, 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन'. मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा, त्यात हा विषय शेवटच्या वर्षात येतो. मग पदवी. काही महाविद्यालयांत बी. व्होक., म्हणजे व्यवसाय शिक्षणाची पदवी. आणि या सगळ्यांच्या बाहेर, 'तीन महिन्यांत एसी मेकॅनिक व्हा' असं रिक्षांच्या मागे लिहिणारे खासगी क्लास.

यातल्या दोन मुख्य वाटांत एक विचित्र फाळणी झालेली आहे. डिप्लोमाचा मुलगा वहीवर दाब-एन्थाल्पीचा आलेख काढतो, चक्राची कार्यक्षमता दोन दशांशांपर्यंत सांगतो, पण त्याच्या हातात गॅसचा दाब मोजणारा मॅनिफोल्ड गेज दिला तर निळी नळी कुठं आणि लाल कुठं लावायची, इथं अडतो. आयटीआयचा मुलगा डोळे झाकून नळ्या लावतो, पण गॅस पुरेसा झाला हे कसं ठरवलंस म्हटलं की सांगतो, "पाईपला पाणी सुटलं की बरोबर." पाईपला घाम येतो तो हवेतल्या आर्द्रतेमुळे. कोकणात जुलैमध्ये तो लगेच येईल, जळगावात एप्रिलमध्ये कमी गॅसवर येणार नाही आणि जास्त गॅसवरही येईलच असं नाही. खरं माप सुपरहीटचं. गेजवरचा दाब बघायचा, तक्त्यावरून त्या दाबाला गॅस किती अंशांना उकळतो ते काढायचं. समजा ७ अंश आले. मग सक्शन पाईपला थर्मामीटर लावायचा, तो १३ दाखवतो. फरक ६ अंश, हाच सुपरहीट, म्हणजे ठीक. ही पाचवीची वजाबाकी आहे. पण एका शाखेनं ती वहीत ठेवली आणि दुसऱ्या शाखेनं सोडूनच दिली. हात आणि गणित जिथं एकाच टेबलावर येतात तो कोर्स चांगला, मग त्याला आयटीआय म्हणा नाहीतर डिप्लोमा.

दाराशी उभं राहून हे कसं ओळखायचं, असं पालक विचारतात. मी एक खूण सांगतो. व्हॅक्यूम पंपाला पुढे एक छोटी गोल काच असते, तिच्यातून तेल दिसतं. तेल काळपट किंवा दुधाळ झालेलं असेल तर समजा पंप चालतो, मुलं वापरतात. तेल मधासारखं स्वच्छ असेल तर विचारा, "शेवटचं कधी बदललं?" लगेच उत्तर आलं तर उत्तम. कुणी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागलं तर तो पंप कपाटातला आहे. तसंच भंगाराचा कोपरा बघा. ब्रेझिंग, म्हणजे रॉड वितळवून कॉपरचे पाईप जोडणं, शिकवणाऱ्या वर्कशॉपमध्ये जळलेल्या, वाकड्या, भोक राहिलेल्या कॉपरच्या तुकड्यांचा ढीग असलाच पाहिजे. शंभर जोड बिघडवल्याशिवाय एकशे एकावा टिकत नाही. आणि नायट्रोजनच्या सिलिंडरवरचा गेज बघा, रिकामा आहे का भरलेला ते दाबावरून कळतं.

एका संस्थेत मी परिचिताच्या मुलाबरोबर गेलो होतो. गॅस परत ओढून घेणारं रिकव्हरी मशीन तिथं होतं, महागातलं, आणि त्यावरचं कारखान्याचं प्लास्टिक तसंच होतं. मी विचारलं तर तिथले गृहस्थ फार प्रामाणिकपणे म्हणाले, "अहो, मुलं मोडतील. मोडलं तर माझ्या नावावर लागेल." या उत्तरानं मला त्या मे महिन्यातल्या मुलाचं कोडं उलगडलं. यंत्र विकत घ्यायला पैसे मिळतात, पण ते झिजवायला मिळत नाहीत. गॅस, रॉड, नायट्रोजन, पंपाचं तेल हे सगळं वापरून संपणारं आहे, आणि संपणाऱ्या वस्तूंवरचा खर्च तपासणीत 'उधळपट्टी' वाटतो. त्यात निदेशकांची पदं रिकामी, एखादा तासिका तत्त्वावरचा निदेशक दोन तुकड्या सांभाळतोय, पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे त्यालाच माहीत नाही. तो कशाला जोखीम घेईल? प्रत्येक संस्थेनं दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्यामागे किती गॅस, किती कॉपर, किती रॉड वापरले ते प्रवेशाच्या आधी दारावर लावावं, अशी माझी मागणी आहे. निकालाच्या टक्केवारीपेक्षा पालकांना त्यातून जास्त कळेल.

गॅस झपाट्यानं बदलत आहेत, म्हणून हे सगळं आता तातडीचं झालं आहे. मी शिकलो तेव्हा घरातल्या फ्रिजमध्ये आर-१२ असायचा. दुरुस्तीच्या वेळी आम्ही कॅपिलरी कापायचो आणि गॅस खिडकीतून सोडून द्यायचो. सर्रास. एक किलो आर-१२ म्हणजे दहा टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका ताप, आणि वर ओझोनच्या थराला भोक, हे मला कित्येक वर्षांनी ओझोन कार्यक्रमातल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात कळलं. तोवर किती सिलिंडर मी आभाळात सोडले असतील याचा हिशेब मनात आहे, आणि तो मला टोचतो. ओझोन वाचवण्याचा माँट्रियल करार १९८७ चा, भारत त्यात १९९२ ला आला. ती माहिती शहरातल्या एका मेकॅनिकपर्यंत पोचायला मध्ये जी वर्षं गेली, ती पुन्हा जाऊ नयेत.

कारण आता त्याच करारात किगाली दुरुस्ती आली आहे. २०१६ ची, भारतानं २०२१ मध्ये मान्य केलेली. एसी-फ्रिजमधल्या सध्याच्या एचएफसी गॅसांचा वापर २०२८ ला आहे तिथं थांबवायचा, २०३२ पासून कमी करत जायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के घटवायचा, असं भारताचं वेळापत्रक आहे. आज दहावी झालेला मुलगा तेव्हा पस्तिशी ओलांडून धंद्याच्या भरात असेल. त्याच्या हयातीत आर-४१०ए मागे पडेल, आर-३२ वर येईल आणि मग बदलेल, प्रोपेन म्हणजे आर-२९० घराघरांत येईल. तापवण्याचा आकडा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या किती पट ताप, आर-४१०ए चा २०८८, आर-३२ चा ६७५, आर-२९० चा जेमतेम ३. पृथ्वीच्या दृष्टीनं सोनं. पण आर-२९० म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच सख्खा भाऊ. हवा राहिलेल्या यंत्रात पंप डाउन केला, म्हणजे कॉम्प्रेसर चालवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतला, तर तेल आणि हवा कॉम्प्रेसरमध्ये एकत्र दाबली जाऊन स्फोट होऊ शकतो, हे आजच्या गॅसलाही लागू आहे. जळणारा गॅस असला तर चुकीला माफीच नाही. आणि खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर हार्नेसशिवाय उभा राहून ही चूक कोण करणार? तोच तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा.

यंत्रही बदललं आहे. इन्व्हर्टर मशीनमध्ये बराचसा बिघाड पीसीबीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डात, असतो. मेन बंद केल्यावरही त्यातल्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ टिकून राहतात. वर्कशॉपमध्ये अजून जुना विंडो एसीच मध्यभागी उघडून ठेवला असेल आणि इन्व्हर्टरचं कार्डच नसेल, तर तो कोर्स वीस वर्षं मागचा आहे.

मग तीन महिन्यांचे क्लास? मी ते सरसकट वाईट ठरवत नाही, आधीच हात बसलेल्या माणसाला नवा गॅस शिकायला तीन महिने भरपूर झाले. पण कोऱ्या मुलाला नाही. या धंद्याचं वर्ष मार्चला सुरू होतं आणि जूनला संपतं. दोन वर्षांत दोन उन्हाळे मिळतात. पहिल्यात मुलगा बघतो, दुसऱ्यात करतो. म्हणून संस्थेला हेही विचारा की उन्हाळ्यात मुलांना कुठं पाठवता. ॲप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे, त्याचा उपयोग ऐन हंगामात करून घेणारी संस्था हुशार.

आणि जुलैचं काय? फक्त स्प्लिट एसी येणारा मुलगा पावसाळ्यात घरी बसतो, दिवसावर काम असेल तर हातात काहीच नाही. इथं मला पालकांची समजूत बदलायची आहे. थंडावा म्हणजे श्रीमंताच्या बेडरूममधला एसी, असं डोक्यात पक्कं बसलं आहे, म्हणून लग्नाच्या बाजारात 'एसीवाला' म्हणून मुलाची किंमत कमी होते. जरा गावाकडे बघा. धारेचं दूध ३७ अंशांचं असतं, संकलन केंद्रावरचा कूलर ते ४ अंशांवर आणतो, नाहीतर संध्याकाळपर्यंत नासलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसी २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत. तासगावचा बेदाणा शीतगृहात राहतो म्हणून शेतकऱ्याला भाव येईपर्यंत थांबता येतं. ऐरोली-महापेची डेटा सेंटर, औषध कारखान्यांच्या क्लीन रूम, इस्पितळांची ऑपरेशन थिएटर, कुठंच पावसाळ्याची सुट्टी नाही. हॉटेलात गरम पाण्याला हीट पंप बसतायत, तो म्हणजे उलटा लावलेला एसीच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं आखातात जाऊन मोठे प्लांट सांभाळतात, त्यांना घरी कुणी 'एसीवाला' म्हणत नाही.

द्राक्षाची एक रात्र सांगतो. फेब्रुवारी अखेर, पिंपळगाव बसवंतजवळचं पॅकहाऊस. काढलेली द्राक्षं काही तासांत ४ अंशांपर्यंत उतरवायची, मग शून्याजवळ साठवायची आणि कंटेनर न्हावा-शेव्याला. रात्री दोनला फोन आला, प्रीकूलिंगच्या खोलीत तापमान ११ वर अडकलंय. पोचलो तर एक मेकॅनिक दोनदा गॅस टाकून बसला होता आणि तिसऱ्यांदा टाकायच्या बेतात होता. मी आधी कॉइल बघितली. पत्र्यांच्या मध्ये बोटभर बर्फ, वाराच आत जात नव्हता. बर्फ वितळवणाऱ्या डीफ्रॉस्ट हीटरच्या वायरला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, शून्य. हीटर जळलेला. गॅसचा काही संबंधच नव्हता, उलट आता तो जास्त झाला होता. पाणी मारून बर्फ उतरवला, पॅकहाऊसच्या मालकानं शेजारून हीटर मिळवला, जादा गॅस परत ओढून घेतला. पहाटे सहाला पारा उतरायला लागला. ती पेटीतली द्राक्षं एका शेतकऱ्याची वर्षभराची कमाई होती. मेकॅनिकनं मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, तुम्ही आधी कॉइल का बघितली?" त्याला कुणी क्रम शिकवलाच नव्हता. वारा, मग वीज, मग गॅस. मुलाला कोर्सला घालताना या तीन शब्दांची किंमत द्या.

आता सरकारबद्दल. घरातलं वायरिंग करायला महाराष्ट्रात तारतंत्रीचा परवाना लागतो. बरोबरच आहे, चुकलं तर माणूस मरतो. पण जळणारा, दाबाखालचा, हवामान तापवणारा गॅस हाताळायला आपल्याकडे कसलीच परीक्षा सक्तीची नाही. अमेरिकेत १९९४ पासून परीक्षा दिल्याशिवाय तंत्रज्ञाला गॅसला हात लावता येत नाही. मार्च २०१९ मध्ये आपल्या केंद्र सरकारनं कूलिंग ॲक्शन प्लॅन आणला, त्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं ध्येय होतं. प्रशिक्षणं झाली, मी स्वतः काहींत शिकवलं. पण प्रमाणपत्र नसलं तरी काही अडत नाही, तोवर ते मुलाच्या फायलीत पडून राहतं. दुकानदारानं प्रमाणपत्र क्रमांक बघितल्याशिवाय गॅसचा सिलिंडर विकायचा नाही, एवढा एक नियम आला तर कपाटातले पंप बाहेर येतील.

यावर माझेच धंदाबंधू चिडतात. "आमच्यासारख्या हातावर पोट असणाऱ्यांना तुम्ही रस्त्यावर आणणार. परवाना म्हणजे खेटे, एजंट आणि पाकीट." ही भीती खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेत नाही. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला पुन्हा बाकावर बसवून लेखी पेपर देणं हा अपमान आहे. म्हणून परीक्षा हाताची असावी. पाईप जोड, दाब टेस्ट कर, व्हॅक्यूम खेच, सुपरहीट सांग, गॅस परत ओढून दाखव. एक दिवस पुरे. फी नको, उलट पास झालेल्याला पंपासाठी अर्ध्या किमतीचं साहाय्य द्या. अनुभवी माणसाचं कौशल्य मान्य करायची आरपीएलची पद्धत कागदावर आहेच. आणि ग्राहकांनाही माझं सांगणं आहे. अर्धा तास पंप चालू ठेवणाऱ्या मुलाला "एवढा वेळ काय करतोयस?" असं आपणच विचारतो, आणि चारशे रुपये कमी घेणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावतो.

या जूनमध्ये निफाडकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले. त्यांची बहीणही बरोबर होती, तिची मुलगी दहावी झालेली, गणितात चांगली. "तिच्यासाठीही बघा ना," ती चाचरत म्हणाली, "पण मुलींचं काम नाही ना हे?" मी म्हटलं, कार्ड दुरुस्तीला, शीतगृहाच्या कंट्रोल रूमला, हीट लोड काढायला कसलं आलंय मुलामुलीचं काम. छज्ज्यावर तर हार्नेसशिवाय मुलगाही चढता कामा नये. शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा होता, "आयटीआय केलं तर इंजिनिअरिंगची वाट बंद?" बंद नाही. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तिथून पदवी. हात आधी, गणित नंतर, हा क्रम मला तरी उलट्या क्रमापेक्षा जास्त पटतो.

त्या सगळ्यांना घेऊन मी दोन संस्था बघितल्या. पहिलीत आम्हाला आधी सभागृह दाखवलं. दुसरीची इमारत जुनी, पत्रा गळका, पण दारातच फ्लक्सचा वास आला. चार मुलं एका जोडावर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावत होती, एक बुडबुडा दिसला की ओरडत होती. मुलीनं विचारलं, मी लावून बघू का, तर निदेशकांनी तिच्या हातात ब्रश दिला. मी पंपाकडे गेलो. काच तेलकट होती, रुमालानं पुसली. आत तेल काळं होतं.

"बदलायचंय," निदेशक जरा ओशाळून म्हणाले, "पैसे मंजूर व्हायचेत. मागच्या वेळी मी घरूनच आणलं."

बहीण-भावानं तिथंच बाकावर बसून मुलांचे पसंतीक्रम ठरवले, आणि मी जाताना तेलाचा एक डबा पाठवून देतो असं निदेशकांना सांगितलं.